ईवार सँडस्ट्रॉम : परावटू ग्रंथींचा उपेक्षित संशोधक

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात १८७७ साली पंचवीस वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी कुत्र्याच्या गळ्याचे विच्छेदन करीत होता. अवटू ग्रंथीला, म्हणजेच थायरॉईडला, चिकटलेला जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा एक फिकट अवयव त्याला दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना अवटू ग्रंथीहून निराळी निघाली. हा विद्यार्थी म्हणजे ईवार सँडस्ट्रॉम. त्याचा जन्म १८५२ साली स्टॉकहोममध्ये झाला.

पुढे मांजर, ससा, बैल आणि घोडा यांच्यातही त्याला तोच अवयव आढळला. मग त्याने पन्नास मानवी शवे तपासली. बहुतेकांत दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार ग्रंथी होत्या. त्याने त्यांना परावटू असे नाव दिले. त्यापूर्वी लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी मृत भारतीय गेंड्याच्या शरीरात अशी ग्रंथी पाहिली होती. परंतु तिचा पद्धतशीर अभ्यास सँडस्ट्रॉमनेच केला.

१८८० साली त्याचा प्रबंध स्वीडिश भाषेत प्रसिद्ध झाला. जर्मनीतील रुडॉल्फ फिर्खो यांच्या ख्यातनाम नियतकालिकाने लांबीचे कारण देऊन तो नाकारला होता. स्वीडनबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मनोविकाराने ग्रासलेल्या सँडस्ट्रॉमने १८८९ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, आपले जीवन संपविले. या ग्रंथींचे कार्य काय, हे तोवर कुणालाच उमगले नव्हते.

त्या काळी अवटू ग्रंथी काढल्यावर काही प्राणी आचके येऊन दगावत, आणि दोष अवटूच्या अभावाला दिला जाई. १८९१ साली फ्रान्सच्या यूजीन ग्ले यांनी परावटू ग्रंथींकडे पुन्हा लक्ष वेधले. १८९६ साली इटलीत वासाले आणि जेनेराली यांनी कुत्र्यामांजरांच्या केवळ परावटू ग्रंथी काढल्या, तरीही तेच आचके आले. अखेर १९०९ साली अमेरिकेत मॅकॅलम आणि फेग्टलिन यांनी दाखवून दिले, की अशा कुत्र्यांच्या रक्तातील कॅल्शियम घटते आणि ते टोचले की आचके थांबतात.

या ज्ञानाचे मोल आज पाळीव प्राण्यांच्या प्रत्येक दवाखान्यात कळते. गोव्यातील मडगाव असो वा हैदराबादचे दिलसुखनगर, पिलांना पाजणारी लहान जातीची कुत्री थरथरू लागली, धापा टाकू लागली, तर ती थकली असे समजून थांबणे घातक ठरते. दुधावाटे जाणारे कॅल्शियम भरून काढणे तिच्या शरीराला झेपत नाही. पशुवैद्याने वेळीच, सावकाश शिरेतून दिलेले कॅल्शियम तिला वाचविते. मांजराच्या अवटूवर शस्त्रक्रिया करतानाही परावटू जपाव्या लागतात. उलट, उतारवयातील कुत्र्याच्या एखाद्या परावटूत गाठ झाली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. त्याला वरचेवर तहान लागते, लघवी वाढते, मूत्राशयात खडे होऊ शकतात.

पुढील काळात या ग्रंथी सँडस्ट्रॉमच्या नावानेही ओळखल्या गेल्या. तो मान पाहण्यास तो हयात नव्हता.