कुंचल्याकडून मातीकडे

१८९० साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर चित्रकला शिकत होते. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, पंचविशी गाठलेले कार्व्हर इतरांचे कपडे धुऊन आपला खर्च भागवत. त्याआधी एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला होता; समोर उभे राहिल्यावर मात्र त्वचेचा रंग पाहून नाकारला.

कार्व्हर झाडाफुलांची चित्रे उत्तम काढत. पण कृष्णवर्णीय चित्रकाराचे पोट चित्रांवर भरेल का, अशी शंका त्यांच्या शिक्षिका एटा बड यांना वाटे. बड यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात फलोद्यानशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या सल्ल्यावरून १८९१ मध्ये कार्व्हर तिकडे गेले आणि तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. सुरुवातीला त्यांना जेवायला इतरांपासून दूर, तळघरात बसावे लागे. वनस्पतिशास्त्र आणि पिकांवरील बुरशीजन्य रोग हे त्यांचे खास विषय. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली. कुंचलाही सुटला नव्हता. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले.

१८९६ मध्येच बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत शिकवायला गेले. तिथे प्रयोगशाळाच नव्हती. टाकलेल्या बाटल्या, भांडी गोळा करून त्यांनी उपकरणे जमवली.

बाहेरची स्थिती बिकट होती. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमिनीचा कस गेला होता. गरीब कुळांच्या ताटात मक्याचे पीठ, खारवलेले चरबीयुक्त डुकराचे मांस आणि काकवी एवढेच असे. मक्यातले नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) शरीराला सहज मिळत नाही. त्याच्या अभावी पेलाग्रा होतो: त्वचा काळवंडते, जुलाब लागतात, भ्रम होतो, माणूस दगावतोही. दक्षिणेकडे या रोगाने पुढे थैमान घातले. नायसिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला, पण आहार निकृष्ट आहे हे कार्व्हर यांनी फार आधी ओळखले होते. चवळी आणि भुईमूग लावा, असा त्यांचा आग्रह. या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणजे शेताला खत आणि घरात प्रथिने. शेंगदाण्यात नायसिनही भरपूर असते!

शेतकरी कॉलेजात येणार नाहीत, म्हणून १९०६ मध्ये अवजारे आणि बियाणी घेऊन एक गाडी गावोगाव निघाली. १९१६ मध्ये त्यांनी शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. पीनट बटरचा शोध त्यांनी लावला, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही.

५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. टस्कीगीतच, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.