धावता दवाखाना

भोंगा वाजवत धावणारी रुग्णवाहिका तुम्ही अनेकदा पाहिली असेल. आत रुग्णाशेजारी बसलेला मदतनीस कधी पाहिला आहे का? रुग्णालय येण्याआधीच तो रक्त थांबवतो, मोडलेल्या हाडाला आधार देतो. त्यासाठी त्याने खास शिक्षण घेतलेले असते. या कामाची सुरुवात पाहायची तर दोनशे वर्षांहून मागे, फ्रान्समध्ये जावे लागेल.

तेथे १७६६ साली एका डोंगराळ खेड्यात दॉमिनिक लारे यांचा जन्म झाला. त्यांचे काका तूलूझ शहरात शल्यचिकित्सक होते. त्यांच्याजवळ राहून लारे शिकले आणि १७९२ मध्ये सैन्यात डॉक्टर झाले.

तेव्हाचा नियम ऐकून तुम्हांला नवल वाटेल. दवाखान्याने रणांगणापासून चार-पाच किलोमीटर दूर राहायचे! लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक तसेच पडून राहत. कधी सारा दिवस जाई. कितीतरी जण रक्त वाहून मरत. तोफा मात्र घोड्यांच्या बळावर भराभर जागा बदलत. ते पाहून लारे यांना वाटले, तोफ धावते, तर दवाखाना का धावू नये?

त्यांनी हलक्या घोडागाड्या तयार करवल्या. दोन चाकांच्या गाडीत गादीवर दोन जखमी झोपू शकत. सोबत डॉक्टर आणि या कामात तयार केलेली माणसे असत. १७९८ मध्ये सैन्य इजिप्तला गेले. तेथील वाळवंटात लारे यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधून जखमींना नेले.

त्यांचा आणखी एक नियम होता. हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. ज्याची जखम गंभीर, त्याच्यावर आधी उपचार. मग तो साधा शिपाई असो वा शत्रूचा सैनिक. सरदाराला थांबवून शिपायाला आत घेणे त्या काळी सोपे नव्हते, बरे का! आज मोठ्या अपघाताच्या ठिकाणी मदतनीस हेच करतात.

१८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत लारे स्वतः जखमी झाले व प्रशियाच्या सैनिकांच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालण्याचा हुकूम झाला. तेवढ्यात शत्रूच्याच एका डॉक्टरने त्यांना ओळखले. त्याने पूर्वी बर्लिनमध्ये लारे यांची व्याख्याने ऐकली होती. त्यांना सेनापती ब्लूखर यांच्यापुढे नेले. ब्लूखर यांच्या जखमी मुलाचा जीव एकदा लारे यांनीच वाचवला होता. लारे यांची सुटका झाली.

पुढेही ते काम करत राहिले. १८४२ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते अल्जीरियातील लष्करी रुग्णालये तपासायला गेले. परतताना वाटेत ल्योन शहरी त्यांचे निधन झाले.