मलेरियाचा डास शोधणारा डॉक्टर स्वतःच मलेरियानं आजारी पडला होता

बीडहून गडचिरोलीच्या जंगलात किंवा नोकरीसाठी आफ्रिकेत जायचं ठरलं की घरात एक प्रश्न निघतोच. मलेरियाची गोळी आधीच घ्यायची का?

याचं उत्तर समजून घ्यायचं तर रोनाल्ड रॉस यांची गोष्ट माहिती पाहिजे.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. वडील इंग्रजांच्या फौजेत अधिकारी. पोराला कविता, संगीत आणि गणिताचा नाद, पण वडिलांच्या हट्टापायी तो डॉक्टर झाला. १८८१ मध्ये भारतातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत लागला.

तेव्हा लोकांना वाटायचं, मलेरिया दलदलीच्या खराब हवेमुळं होतो. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन भेटले आणि त्यांनी रॉस यांच्या डोक्यात डासाचा संशय घातला. दुसऱ्याच वर्षी रॉस सिकंदराबादच्या छावणीत आले. हे सिकंदराबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आपलं बीडही तेव्हा त्याच संस्थानात.

१८९७ मध्ये रॉस सुट्टीवर उटीला गेले. वर थंड हवा, सगळं झकास. पण ते खाली सिगूर घाटात उतरले. हा भाग मलेरियासाठी बदनाम होता. तिथं त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. क्विनाइन घेऊन ते बरे झाले.

परत आल्यावर काम सुरूच. हुसेन खान नावाच्या रुग्णाला एका डासामागं एक आणा देऊन त्यांनी डास चावून घेतले. २० ऑगस्ट १८९७ ला तसल्याच एका ॲनोफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. पुढं कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून डास चावल्यानं रोग पसरतो हे त्यांनी दाखवलं. १९०२ मध्ये नोबेल मिळालं. १९३२ मध्ये ते गेले, पण २० ऑगस्ट आजही जागतिक डास दिन म्हणून पाळतात.

आता गोळीचं काय?

उटी आणि सिगूर घाट, प्रवास एकच, पण धोका वेगळा. गोळीचा निर्णयही असाच होतो. कुठं जाताय, किती दिवस, रात्री कुठं झोपणार, हे डॉक्टर बघतात. बीडहून पुण्याला लग्नाला जाणाऱ्याला सहसा गोळी लागत नाही. गडचिरोलीत किंवा आफ्रिकेत मुक्काम असेल तर मात्र आधी विचारायचं. कारण ही औषधं निघायच्या आधीच सुरू करावी लागतात आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवावी लागतात. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला आणि ८ वर्षांखालच्या लेकरांना देत नाहीत. त्यामुळं मेडिकलमधून मनानं गोळी घ्यायची नाही.

गोळी घेतली तरी मच्छरदाणी सोडायची नाही, कारण हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. आणि परत आल्यावर ताप आलाच तर लगेच रक्त तपासायचं. आपण कुठं जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगायला विसरायचं नाही.