परतीचं तिकीट

समजा, तुम्ही ३३ वर्षांचे आहात. देशात हुकूमशाही आहे, युद्ध दारात उभं आहे आणि सैन्यभरतीचं बोलावणं कधीही येईल. अशात अमेरिकेतले मित्र तुम्हाला न्यूयॉर्कला बोलावून घेतात. राहायची सोय, काम, सगळं तयार. मग परत जाल?

डिट्रिख बॉनहॉफर परत गेला. जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि जुलैमध्ये परतीच्या बोटीत बसलासुद्धा. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपली माणसं संकटात असताना मी बाहेर सुरक्षित बसलो, तर युद्धानंतर देश उभा करायला कुठल्या तोंडाने जाऊ?

आता थोडं मागे जाऊ. डिट्रिखचा जन्म १९०६ चा, सुखवस्तू घरातला. वडील मनोविकारतज्ज्ञ. पोरगा हुशार इतका, की २१व्या वर्षी धर्मशास्त्रात डॉक्टरेट! पुढे न्यूयॉर्कला शिकायला गेला, तेव्हा हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तो रमला. वर्णभेद काय असतो, हे त्याने तिथे जवळून पाहिलं.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. तुम्हाला वाटेल, त्याने चर्च बंद केली असतील. तसं झालं नाही. चर्च उघडीच होती, फक्त अनेकांनी आतून नाझी विचार स्वीकारला. ज्यू वंशाच्या पाद्रींना काढून टाकायचं ठरू लागलं. म्हणजे श्रद्धा सोड असं कोणी म्हणत नव्हतं, जरा वाकव एवढंच. बॉनहॉफर याविरुद्ध लिहू-बोलू लागला.

पण तो जन्मजात हिरो नव्हता हं. त्याच वर्षी त्याच्या जुळ्या बहिणीचे सासरे वारले. ते ज्यू होते. अंत्यविधीला बोलशील का, असं घरच्यांनी विचारलं आणि वरिष्ठांच्या सल्ल्यावरून त्याने नकार दिला. ही गोष्ट त्याला इतकी खात राहिली, की पुढे त्याने पत्र लिहून माफी मागितली.

१९३४ मध्ये लंडनमध्ये पाद्री असताना त्याने गांधीजींना पत्र लिहिलं. अहिंसक प्रतिकार त्यांच्याजवळ राहून शिकायचा होता. गांधीजींनी आमंत्रणही दिलं. पण नाझींना न मानणाऱ्या चर्चने त्याला तरुण पाद्री घडवायला बोलावलं आणि भारत राहूनच गेला. फिंकनवाल्डमधली ती शाळा १९३७ मध्ये गेस्टापोने बंद पाडली.

न्यूयॉर्कहून परतल्यावर तो लष्करी गुप्तहेर खात्यात शिरला. वरून सरकारी नोकरी, आतून हिटलरला संपवण्याच्या कटात साथ. अहिंसा शिकायला निघालेला माणूस इथे पोहोचला, हे आपल्याला खटकतं. त्यालाही खटकत होतं. आपले हात स्वच्छ आहेत असा दावा त्याने केला नाही. पण काहीच न करणं हेही पापच, असं त्याचं मत झालं होतं.

जानेवारी १९४३ मध्ये मारियाशी साखरपुडा झाला, ५ एप्रिलला अटक. टेगेलच्या तुरुंगातून तो मित्राला पत्रं लिहीत राहिला. एका पहारेकऱ्याच्या मदतीने पळून जायचा प्लॅनही ठरला होता. तेवढ्यात भाऊ क्लाउसला अटक झाली. आपण पळालो तर घरच्यांना भोगावं लागेल, म्हणून त्याने तो प्लॅन सोडला. सुटकेची दुसरी वाटही त्याने स्वतःच बंद केली.

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली. वय ३९. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथे पोहोचलं. क्लाउस आणि दोन मेहुणेही मारले गेले. तुरुंगातली पत्रं नंतर मित्राने छापली आणि ती जगभर वाचली जातात.

श्रद्धा कुठलीही असो, ती सोडायला कोणी थेट सांगत नाही. जरा वाकव, एवढंच सांगतात. तुम्हाला असं कोणी शेवटचं कधी सांगितलं होतं, आठवून बघा.