समजून घ्या : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी पुन्हा कसे चालू लागले?

पोटाची शस्त्रक्रिया झाली की घरचे सांगतात, आता जपून राहा. आतड्याच्या आजारामुळे स्टोमा करावा लागला, म्हणजे पोटावर वाट काढून मल पिशवीत घ्यावा लागला, तर भीती आणखी वाढते. पिशवी निघेल, टाका उसवेल, या धास्तीने काही जण चालणे, सायकल, शेतातले काम कायमचे सोडतात. महात्मा गांधींना स्टोमा नव्हता, शस्त्रक्रिया अपेंडिक्सची होती. तरीही पोटावरच्या जखमेनंतर अंगात ताकद कशी परत येते, हे त्यांच्या पुढच्या दहा वर्षांत दिसते.

काय झाले होते?

मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवडा तुरुंगात गेले. जानेवारी १९२४ मध्ये पोटात तीव्र दुखू लागल्याने त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. वादळात वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. तेव्हा गांधीजी ५४ वर्षांचे होते.

लगेच बरे वाटले का?

नाही. जखमेत पू झाल्याने सुधारणा लांबली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. मार्चमध्ये ते मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावर राहायला गेले. मेअखेरपर्यंतचा मुक्काम विश्रांतीचा होता आणि त्यात समुद्रकाठी फिरणे होते. एप्रिलपासून त्यांनी ‘यंग इंडिया’चे संपादन पुन्हा हाती घेतले. म्हणजे आधी विश्रांती आणि फिरणे, मग बैठे काम. मोठे दौरे त्यानंतर.

पुढे त्रास झालाच नाही का?

झाला. मार्च १९२७ मध्ये खादीच्या दौऱ्यात कोल्हापूर, निपाणी भागात रक्तदाब वाढून प्रकृती ढासळली. दौरा थांबवून ते नंदी हिल्सला विश्रांतीसाठी गेले. थांबावे लागले म्हणून चालणे संपले नाही.

किती चालले?

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून ५ एप्रिलला ते दांडीला पोहोचले. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, वय ६०. रोजची सरासरी साधारण १६ किलोमीटर आणि सोमवारी विसावा.

नोव्हेंबर १९३३ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी वर्ध्याहून निघालेल्या दौऱ्यात त्यांनी अमरावती आणि अकोल्यातही सभा घेतल्या. नऊ महिन्यांच्या त्या दौऱ्यात मे १९३४ मध्ये ओडिशातील पुरीहून त्यांनी पायी यात्रा सुरू केली. तेव्हा वय ६४ होते.

स्टोमा असलेल्यांनी काय करावे?

सुरुवात चालण्यानेच करतात. आधी घरात, मग अंगणात, रोज थोडे वाढवत. पहिले काही आठवडे पाण्याची घागर, धान्याचे पोते, सिलिंडर उचलू नये. पोटाचा स्नायू तिथे कमजोर झालेला असतो. जोर पडला तर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. सायकल, पोहणे, शेतातले काम कधी सुरू करायचे ते सर्जनला विचारून ठरवावे. आधाराचा पट्टा हवा का, तेही विचारावे. जखम भरल्यावर पोहताही येते, पिशवी पाण्यात चिकटून राहते. व्यायामाआधी पिशवी रिकामी करावी.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पहाटे किंवा संध्याकाळीच फिरावे. लहान आतड्याचा स्टोमा म्हणजे इलिओस्टोमी असेल, तर शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी भरपूर पिऊन ते भरून निघत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस घ्यावे. चक्कर येणे, लघवी कमी होणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत.

स्टोमाभोवती नवा फुगवटा आला, त्याचा रंग काळसर झाला, किंवा पोट दुखून पिशवीत काहीच येईनासे झाले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.