पिंपरीच्या मातीतला शोध : डॉ. तिरुमलाचार

बेगडेवाडीहून पुण्याच्या लोकलमध्ये बसले, की देहूरोड, आकुर्डी, चिंचवड मागे टाकून पिंपरी येते. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे नाव आम्हा मावळकरांच्या कानांवरचे. पण पिंपरीचे नाव एका सूक्ष्मजीवाला कायमचे देणारे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आपल्या कलाशाखेत कितीजणांना ठाऊक असतील, याची मला शंका आहे.

त्यांचा जन्म १९१४ सालचा, कर्नाटकातला. पिकांवर पडणारा तांबेरा आणि काणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. भारतातील काणीवर्गीय बुरशींवरील त्यांचा व डॉ. मुंडकूर यांचा ग्रंथ १९५२ साली निघाला. १९५४ मध्ये पिंपरीचा कारखाना स्थापन झाला; पुढे तेथील संशोधन विभागाची धुरा त्यांनी वाहिली.

वनस्पतींचे रोग जाणणाऱ्याचे औषधांच्या कारखान्यात काय काम, असे कोणालाही वाटेल. पेनिसिलीन जीवाणूंना मारते, बुरशीला नाही. उलट अशा औषधांनी तोंडातले, आतड्यातले जीवाणू मेले, की तेथे बुरशीला मोकळे रान मिळते. तिच्यावर उतारा शोधायला बुरशीचाच जाणकार हवा होता.

पिंपरीच्या मातीत त्यांना धाग्यांसारखा वाढणारा एक जीवाणू मिळाला. त्याचे नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून मिळालेले बुरशीनाशक १९६१ मध्ये जाहीर झाले, ते हॅमायसिन. कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

परंतु जीवाणू सापडला म्हणजे औषध हाती आले असे नव्हे. पेनिसिलीन काढताना आंबवलेले द्रावण गाळून घेतात आणि वरचा चोथा टाकतात. हॅमायसिनच्या जातीची औषधे पाण्यात विरघळत नाहीत. ती बहुतांशी त्या चोथ्यातच अडकून असतात. म्हणून चोथा जपायचा, अल्कोहोलसारख्या द्रावकाने औषध त्यातून ओढून घ्यायचे, आणि कमी दाबाखाली द्रावण आटवायचे. कारण उष्णता व उजेड यांनी ते बिघडते. मग ज्यात ते विरघळत नाही असा द्रव मिसळला, की पिवळा साका तळाशी बसतो. तो धुवायचा, पुन्हा विरघळवायचा, पुन्हा बसवायचा. रोग्याच्या तोंडात जायचे ते हेच. त्यात मळ राहून कसे चालेल?

हॅमायसिन तोंडातल्या व त्वचेवरच्या बुरशीवर वापरात आले. अमेरिकेतही त्याच्या चाचण्या झाल्या. तथापि शरीरात खोल शिरलेल्या बुरशीवर अँफोटेरिसिन-बीची जागा त्याला घेता आली नाही. तिरुमलाचार तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्याच विभागातून ऑरिओफंजिन निघाले आणि ते पिकांवर फवारले गेले. ज्या शेतातून ते आले होते, तेथे त्यांची विद्या अशी परतली. १९९९ साली ते निवर्तले.

जगभर गाजले नाही म्हणून हे काम लहान ठरते, असे मला वाटत नाही. परदेशी औषधांची वाट पाहणाऱ्या देशाला आपल्याच मातीतले औषध शुद्ध करता येते, हे त्यांनी पिंपरीत दाखवून दिले.