हाफकिन आणि उड्या मारणारा डीएनए

सोलापुरात आमची आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर मरून पडला, की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. या रोगावर लस शोधणारा माणूस मुंबईतच काम करत होता, हे मला खूप उशिरा कळलं.

वाल्देमार हाफकिन. जन्म १८६०, ओडेसा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९३ मध्ये ती घेऊन ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिननी मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली.

आता हा जंतू एवढा भयंकर झाला कसा? त्याचा पूर्वज फक्त पोट बिघडवायचा. मग त्याला दोन प्लाझ्मिड मिळाले. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं, छोटं, गोल डीएनए. मोबाइलमध्ये नवं मेमरी कार्ड टाकावं तसंच! एकामुळे जंतू पिसवेच्या पोटात टिकू लागला, दुसऱ्यामुळे माणसाच्या शरीरात पसरू लागला. शिवाय डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या प्रती काढून इकडेतिकडे उड्या मारतात. ते मध्येच घुसल्याने त्याचे अनेक जुने जीन बंद पडले.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनवर आला, त्यांना निलंबित केलं गेलं. खरं तर बाटली गावात उघडतानाच दूषित झाली होती. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. आणि गंमत बघा, धनुर्वाताच्या विषाचा जीनही प्लाझ्मिडवरच असतो! तो प्लाझ्मिड नसेल, तर तो जंतू धनुर्वात करू शकत नाही.

हाफकिनना यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं, १९३० मध्ये ते लोझानला वारले. डीएनएची रचना उलगडली ती १९५३ मध्ये.

हा विषय जुना झालेला नाही. १९९५ मध्ये मादागास्करमधल्या एका रुग्णात प्लेगचा असा जंतू सापडला, ज्याने औषधांना न जुमानण्याचे जीन प्लाझ्मिडवरून उचलले होते. आपण साध्या सर्दीला मनानेच अँटिबायोटिक घेतो, तेव्हा असेच जीन बाळगणारे जंतू मागे उरतात. पुढच्या वेळी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.